शेरा

उंची पाच फूट नऊ. वजन एकसष्ट.
वय सतरा, दाखल्याप्रमाणे; आई म्हणते, श्रावणात पुरी होतील.
नाव प्रज्वल यल्लाप्पा बेळगुंदकर.
जागा बचावाची, डावीकडची.
इथवर पेन अडत नाही.

लडाखच्या शिबिराचा फॉर्म आलाय,
एक पान, सोळा रकाने.
बर्फावरचा अनुभव?
गोवावेसच्या रिंकवर घासून गुळगुळीत झालेली फरशी आहे,
पावसाळ्यात कोपऱ्याला शेवाळ धरतं,
आणि सहा ते आठ चाकांची घरघर,
शेजारची गिरणी बंद झाली तरी दळण चालूच आहे असं वाटायला लावणारी.
बर्फ त्यानं पाहिला तो बापाच्या कारखान्यात,
मासळी बाजाराला निघालेल्या लाद्या, भुशात गुंडाळलेल्या.
उभा राहिलायस कधी त्यावर?
"लादीवर? राहिलोय की सर. चप्पल चिकटतंय."
हे कुठल्या रकान्यात बसवू?

उलटं स्केटिंग: उत्तम.
म्हणजे समोरून पोरगा सुसाट येतोय
आणि हा तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे सरकतोय,
रात्री दिवा न लावता
माणूस आपल्याच घरात माठापर्यंत जातो, तसा.
नजर चेंडूवर नाही, येणाऱ्याच्या पोटावर.
चेंडू फसवतो, खांदे फसवतात,
पोट जिकडे, माणूस तिकडे.
हे मी शिकवलेलं नाही.
मी तीन वर्षं ओरडत होतो, चेंडू बघ, चेंडू.

उणिवा.
उजवीकडे वळताना अर्धा श्वास उशीर.
पास देताना घाई.
धारवाडला आपल्याच गोलसमोरून आडवा दिला,
त्यांनी उचलला, संपलं.
परतताना कित्तूर येईपर्यंत गप्प.
मग खिडकीकडे बघत म्हणाला,
"बघितलो होतो त्याला, सर. तरी दिलो."
चूक कबूल करण्याचे दहापैकी किती?

संघभावना.
मागून इराण्णा ओरडतो, "बिडबेडा!"
हा ओरडतो, "आलो!"
मध्ये दुभाषा लागत नाही.
चौकातल्या पाट्यांवरून गाव महिनाभर धुमसलं, तेव्हाही
दोघं एकाच पान्यानं चाकं आवळत होते,
पाना इराण्णाचा, चाकं बहुतेक याची.

शेवटचा रकाना: व्यावसायिक भवितव्य.
अकरा वर्षांपूर्वी इथेच
वैजनाथ हंगिरगेकरला मी दहापैकी नऊ दिले होते.
तो उद्यमबागेत लेथवर असतो.
हात अजून तसाच, दोरा ओवल्यासारखा.
भेटला की चहाचे पैसे मला देऊ देत नाही.
आणि ज्याच्यापुढे मी "साधारण" लिहिलं
तो सैन्याकडून खेळतो,
दिवाळीला पेढे घेऊन येतो,
आणि मी पेढा खाताना त्याच्या बुटांकडे बघतो.

काल दिवे मालवल्यावर पायऱ्यांवर बसलो होतो.
तो पट्टे सोडवत होता. पायाला मोजे नव्हते,
घोट्यावर जुनं घट्ट कातडं.
"सर, तिथे चेंडू नसतोय म्हणे. रबराची चकती."
हो.
"पडलं की किती लागतंय?"
मी सांगणार होतो काहीतरी, प्रशिक्षकासारखं.
जीभ टाळूला चिकटली, लादीवरच्या चपलेसारखी.
माहीत नाही रे, म्हटलं.
मी पण कधी उभा राहिलो नाही.
तो हसला, आणि डाव्या बुटाचा पट्टा
पुन्हा आवळायला लागला, सोडवायचा सोडून.

आज गुणांचा चौकोन मोकळा सोडलाय.
त्याखाली, जागा कमी म्हणून बारीक अक्षरात:
मागे जाताना मागे बघत नाही.
बाकीचं
तुम्ही बर्फावर उभा करून बघा.
सही. तारीख.
शिक्का उमटला अर्धाच,
शाई वाळलीय पॅडची. थुंकी लावून पुन्हा मारला.